सोपाऱ्याचा दगड आणि आरंभाची गोष्ट

शाळेच्या या स्मरणिकेसाठी लिहावे, अशी सूचना संपादक मंडळाने केली, तेव्हा ‘शाळेच्या आठवणी’ हा विषय मला सुचविण्यात आला होता. आठवणी लिहिणारे माजी विद्यार्थी पुष्कळ आहेत आणि त्यांच्या आठवणी माझ्याहून ताज्या आहेत. मी इतिहासाचा शिक्षक. म्हणून आठवणींपेक्षा एका प्रश्नाविषयी लिहावे असे मनात आले. शाळेत एक स्मृतिदालन उभारावे आणि त्यात शाळेच्या पहिल्या दिवसांचे दर्शन घडवावे, असा ठराव व्यवस्थापन समितीने नुकताच केला आहे. या दालनाच्या पहिल्या भिंतीवर काय असावे, यावर बैठकीत बरीच चर्चा झाली. कोणी देणगीदारांची छायाचित्रे म्हणाले, कोणी कोनशिलेची प्रतिकृती म्हणाले. आरंभ कोणता मानावा आणि तो कोणाच्या नावाने सांगावा, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. या प्रश्नाचा विचार करताना मला दर वेळी एक दगड आठवतो.

आपली शाळा नववीच्या विद्यार्थ्यांची सहल मुंबईला नेते. चैत्यभूमीवर बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना अभिवादन करून आम्ही छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जातो. १९२२ साली लोकांसाठी खुल्या झालेल्या या भव्य वास्तूत मुलांचे डोळे कशाकशावर ठरत नाहीत. परंतु मी त्यांना आवर्जून एका काळ्या पाषाणखंडापुढे उभे करतो. दिसायला तो अगदीच साधा. मूर्ती नाही, नक्षी नाही. तुटक्या पृष्ठभागावर ब्राह्मी लिपीतील काही ओळी तेवढ्या आहेत. सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा हा तुकडा आहे. इ. स. पू. तिसऱ्या शतकात तो शूर्पारक नगरीत, म्हणजे आजच्या नालासोपाऱ्यात कोरला गेला आणि १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना तेथे सापडला.

दोन वर्षांपूर्वी या दगडापुढे एका विद्यार्थ्याने मला विचारले, “सर, हा दगड मुंबईचा की नालासोपाऱ्याचा?” मी त्या वेळी, “दोघांचाही,” असे घाईघाईने उत्तर दिले. प्रश्न मात्र मनातून गेला नाही. मुंबई शहराची जन्मकथा सांगताना आपण साधारणतः सात बेटांपासून सुरुवात करतो. १६६१ च्या विवाहकरारात पोर्तुगिजांनी इंग्लंडच्या राजाला बेट दिले. १६६८ मध्ये राजाने ते वर्षाला दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला दिले. पुढे किल्ला, गोदी, कापूस, गिरण्या आणि रेल्वे आली. पाठ्यपुस्तकापासून पर्यटकांच्या माहितीपत्रकापर्यंत ही गोष्ट याच क्रमाने येते. तीत खोटे काही नाही. पण हुंड्यात दिल्या-घेतल्या गेलेल्या जमिनीवर त्याआधी कोण राहत होते, हे विचारण्याची सोय या गोष्टीत राहत नाही. राजाने राजाला दिले आणि राजाने कंपनीला दिले, एवढ्यात आरंभ आटोपतो. बेटांवर जाळी टाकणारा कोळी या कथेत केवळ निसर्गचित्रातील माणूस म्हणून उरतो.

वस्तुतः महानगराच्या परिसरातील नागरी जीवनाचा आरंभ त्याहून फार जुना आहे आणि तो उत्तरेकडे, वसईच्या खाडीपलीकडे शोधावा लागतो. सोपारा हे अपरान्ताचे मोठे बंदर. ग्रीक भाषेतील ‘पेरिप्लस’मध्ये आणि टॉलेमीच्या भूगोलात त्याचे नाव आहे, सिंहलद्वीपाच्या ‘महावंसा’तही आहे. अशोकाने आपले लेख कोठेही कोरविले नाहीत. जेथे माणसांची ये-जा होती, जेथे वाचणारे आणि वाचून दाखविले तर ऐकणारे होते, तेथे ते कोरले गेले. सोपाऱ्यात आठव्या शिलालेखाचा अंश मिळाला आणि १९५६ साली जवळच्या भुईगाव येथे नवव्याचा अंश मिळाला. यावरून चौदाही शिलालेखांचा पूर्ण संच येथे असला पाहिजे, असा निष्कर्ष अभ्यासकांनी काढला आहे. ज्या वर्षी नागपूरच्या दीक्षाभूमीवर बाबासाहेबांनी लाखो बांधवांना धम्म परत मिळवून दिला, त्याच वर्षी अपरान्ताच्या मातीने अशोकाचा आणखी एक लेख परत दिला. हा योगायोग आहे. त्याला योगायोगाहून अधिक काही म्हणू नये, हे इतिहासाचा शिक्षक म्हणून मला ठाऊक आहे. तरीही वर्गात हे साल सांगताना माझा आवाज किंचित बदलतो, हे विद्यार्थ्यांच्या लक्षात आले असेल.

या दोन लेखांत सांगितले आहे तरी काय? आठव्या लेखात अशोक म्हणतो की, पूर्वीचे राजे विहारयात्रेला निघत. तीत शिकार आणि तत्सम करमणूक असे. आपण मात्र राज्याभिषेकाच्या दहाव्या वर्षी संबोधीला, म्हणजे बोधगयेला गेलो आणि तेव्हापासून धम्मयात्रा सुरू झाली. या यात्रेत श्रमण-ब्राह्मणांच्या व वृद्धांच्या भेटी घ्यायच्या, त्यांना दान द्यायचे, जनपदातील लोकांना भेटायचे आणि त्यांच्याशी धम्माविषयी बोलायचे. नवव्या लेखाचा विषय मंगलविधींचा आहे. आजारपण, लग्न, अपत्यजन्म, प्रवास अशा प्रसंगी लोक नाना विधी करतात. त्यांचे फळ थोडे. खरे मंगल कशात आहे? दास आणि सेवक यांच्याशी नीट वागणे, गुरुजनांचा आदर, प्राणिमात्रांविषयी संयम आणि दान यांत.

या परिसरातील पहिल्या लिखित शब्दांपैकी हे शब्द आहेत आणि त्यांत दासाशी, सेवकाशी कसे वागावे हे सांगितले आहे. नगराच्या जन्मपत्रिकेत याहून मोलाची ओळ कोणती असू शकेल? तथापि येथेही सावध राहणे भाग आहे. हा लेख दास्य नष्ट करीत नाही. दासाशी चांगले वागा एवढेच सांगतो. या लेखात निरर्थक विधी करण्याचा दोष विशेषतः स्त्रियांना दिलेला आहे. मी हे सांगितले तेव्हा एका विद्यार्थिनीने हात वर केला. “सर, विधी तर बाबाही करतात. मग नाव फक्त आईचं का?” अशोकाच्या बाजूने काहीतरी बोलण्याचा मोह मला झाला, पण मी तिला म्हणालो की, तुझा आक्षेप बरोबर आहे, तो वहीत लिहून ठेव. सम्राटाचा लेख वाचून त्याला प्रश्न विचारणारी मुलगी आपल्या वसतिगृहात घडते, याचा अभिमान मला त्या लेखाच्या अभिमानाइतकाच वाटतो. चिकित्सेविना श्रद्धा ठेवू नका, हीच तर तथागतांची शिकवण.

पंडित भगवानलालांनी त्याच १८८२ साली सोपाऱ्यातील एक टेकाड उकरले. त्यातून स्तूप निघाला. स्तूपाच्या गाभ्यात एक दगडी पेटी होती. पेटीत तांब्याचा करंडक आणि त्याभोवती बुद्धांच्या आठ धातुमूर्ती होत्या. तांब्याच्या करंडकात चांदीचा, त्यात दगडाचा, त्यात स्फटिकाचा आणि सर्वांत आत सोन्याचा करंडक होता. सोन्याच्या करंडकात मातीच्या भांड्याचे लहान लहान तुकडे होते. ते भगवंतांच्या भिक्षापात्राचे म्हणून जपले गेले असावेत, असे पंडितांनी मानले. हे अवशेष मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे गेले. सोन्याच्या पोटात खापर जपणारी ही संस्कृती होती. मौल्यवान काय, याचे तिचे गणित सराफाच्या गणिताहून वेगळे होते.

त्या टेकाडाला गावचे लोक काय म्हणत, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते. ‘बुरुड राजाचा कोट’ हे त्याचे नाव. बुरुड म्हणजे बांबूच्या टोपल्या, सुपे, परड्या विणणारा कारागीर. खाली स्तूप आहे हे लोक विसरले होते, धम्मही विसरले होते. परंतु येथे कोणी मोठा होऊन गेला आणि तो टोपल्या विणणारा होता, एवढे लोकांच्या बोलण्यात टिकले. यावरून येथे खरोखर बुरुडाचे राज्य होते, असे सिद्ध होत नाही. एका विद्यार्थ्याने स्तूपाचे चित्र पाहून सांगितले, “सर, ही पालथी घातलेली पाटीच दिसते.” त्याच्या घरी बांबूकाम चालते. कदाचित नावाचा उगम इतका साधाही असेल. काहीही असले तरी पुराणांतील राजवंशावळींत ज्याला जागा मिळाली नाही, त्याला लोकांच्या जिभेवर राजपद मिळाले, ही गोष्ट माझ्या दृष्टीने लहान नाही.

याच सोपाऱ्याशी बौद्ध वाङ्मयाने पूर्णाची कथा जोडली आहे. ‘दिव्यावदाना’नुसार पूर्ण हा सोपाऱ्यातील व्यापाऱ्याचा दासीपुत्र. पिता आजारी असताना घरच्यांनी पाठ फिरविली, तेव्हा त्याच्या आईने त्या व्यापाऱ्याची शुश्रूषा केली होती. पुढे वाटणीची वेळ आली, तेव्हा सावत्र भावांच्या लेखी तो भागीदार नव्हता; घरातील इतर मालमत्तेसारखाच एक होता. तोच पूर्ण स्वकर्तृत्वाने मोठा सार्थवाह झाला, सर्व सोडून भिक्खू झाला आणि कठोर समजल्या जाणाऱ्या लोकांत धम्म सांगायला गेला. ते लोक तुला शिव्या देतील, मारतील, जीवही घेतील, मग काय करशील, असे तथागतांनी त्याला विचारले. त्याची उत्तरे आपल्या विद्यार्थ्यांना परिपाठातून माहीत आहेत. ही कथा आहे, पुरावा नव्हे. मात्र एका नगराने आपला सर्वश्रेष्ठ सुपुत्र म्हणून दासीच्या मुलाची आठवण ठेवावी, यातून त्या परंपरेची मूल्ये कळतात.

पुराव्याचेच म्हणाल, तर तो कान्हेरीच्या डोंगरात कोरलेला आहे. बोरिवलीच्या जंगलातील या शंभराहून अधिक लेण्यांत दानलेख आहेत. राजघराण्यातील स्त्रिया आणि श्रेष्ठी तेथे आहेत. त्याचबरोबर सोपाऱ्याचा मणिकार आहे, कल्याणचा लोहार आहे, भिक्खू आणि भिक्खुणी आहेत. लोहाराने वाट करून दिली, मणिकाराने पाण्याची पोढी खोदविली. पाण्याची पोढी! महाडच्या चवदार तळ्याचा इतिहास ज्यांच्या रक्तात आहे, त्यांना या दोन शब्दांचा अर्थ निराळा सांगायला नको. ज्याने हातोडा चालवून पोट भरले, त्याचे नाव त्याच्या व्यवसायासह दगडात कोरले गेले आणि त्या व्यवसायाची लाज कोणाला वाटली नाही. याच कान्हेरीत इ. स. १००९ मध्ये आलेल्या पारशी पाहुण्यांनी पहलवी लिपीत आपली नावे कोरली आहेत. त्या डोंगराने त्यांनाही जागा दिली.

आता मतभेदाच्या मुद्द्याकडे वळतो. सहलीनंतर आमच्या एका माजी विद्यार्थ्याशी या विषयावर बोलणे झाले. तो उत्साहाने म्हणाला, “सर, मग स्पष्टच लिहा ना, मुंबई बौद्धांनी वसवली. मुंबई आपली आहे.” त्याच्या उत्साहामागची वेदना मी जाणतो. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना गावाबाहेर ठेवले, त्यांना एखादे शहर मुळात आपले होते असे म्हणता येण्यात केवढे समाधान आहे! तरीही मी त्याच्याशी सहमत झालो नाही, आणि माझे कारण येथे नोंदवितो.

पहिली गोष्ट सत्याची. मुंबईची बेटे आणि सोपारा ही भिन्न स्थळे. सोपाऱ्याचे बंदर मावळले आणि पुष्कळ शतकांनी मुंबईचे बंदर उदयाला आले. दोहोंत नाते आहे, ते किनाऱ्याचे, व्यापाराचे आणि डोंगरांतील लेण्यांचे. पण एक दुसऱ्याचा सातबारा होत नाही. बाबासाहेबांनी १९४८ च्या ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथाच्या प्रस्तावनेत, पुरावा तुटतो तेथे इतिहासकाराने काय करावे याची चर्चा केली आहे. आपण तर्क करतो आहोत हे त्यांनी वाचकांपासून लपविले नाही. त्यांच्या अनुयायांनी तर्काला सिद्धांत म्हणणे त्यांना शोभणारे नाही.

दुसरी गोष्ट न्यायाची. जो आधी आला त्याचे शहर, हे तत्त्व एकदा मान्य केले, तर ते तत्त्व सर्वप्रथम आपल्यावरच उलटेल. आपल्यापैकी अनेकांचे आजोबा-पणजोबा दुष्काळाने आणि जातिभेदाने गाव सोडून मुंबईला गेले. गोदीत, गिरणीत, रेल्वेत, सफाईच्या कामावर लागले. त्या वेळी त्यांना कोणी विचारले असते की, तुम्ही येथले मूळचे काय, तर त्यांच्याजवळ उत्तर नव्हते. स्वतः बाबासाहेब परळच्या बी.आय.टी. चाळीत वर्षानुवर्षे राहिले. कोणाचे पूर्वज आधी आले यावरून त्यांनी कोणाचा हक्क मोजला नाही. माणूस म्हणून मोजला. सोपाऱ्याचा वारसा आपण सांगावा तो मालकीसाठी नव्हे. दासाशी माणुसकीने वागा, असे सांगणारा लेख जेथे उभा होता, तेथे आज रोज पहाटे लोकलला लोंबकळत कामावर जाणारी माणसे राहतात. त्यांच्याशी हे शहर कसे वागते, हे विचारण्याचा अधिकार त्या दगडाने आपल्याला दिला आहे. मालकी सांगणाऱ्याला हा प्रश्न विचारता येत नाही.

म्हणून संग्रहालयांकडून माझी अपेक्षा साधी आहे. शहराच्या आरंभाचे दालन मांडताना खाडीपलीकडचा हा इतिहास दुसऱ्या दालनातील ‘प्राचीन कला’ म्हणून वेगळा काढू नये. अशोकाचा लेख एका वास्तूत, करंडक दुसऱ्या संस्थेत, स्तूप नालासोपाऱ्यात आणि दानलेख बोरिवलीच्या डोंगरात असल्याने सामान्य माणसाला त्यांचे नाते कळत नाही. एक नकाशा आणि नववीच्या मुलाला समजेल अशा मराठीत चार ओळी, एवढ्याने ते कळू शकेल. आपल्या समाजाकडूनही अपेक्षा आहे. आपण लेण्यांवर वंदनेला जातो, ते योग्यच आहे. पण तेथील एक तरी दानलेख मुलांना वाचून दाखवावा. फुले वाहून परतणाऱ्यापेक्षा लोहाराचे नाव लक्षात ठेवून परतणारे मूल धम्माच्या अधिक जवळ जाते, असे माझे नम्र मत आहे.

आणि आता आपले स्मृतिदालन. देणगीदारांची छायाचित्रे लावावीत. कृतज्ञता हा धम्माचाच भाग आहे. परंतु त्याच भिंतीवर, त्याच आकाराच्या अक्षरांत आणखी काही नावे असावीत. पत्र्याच्या शेडमध्ये वसतिगृह सुरू झाले, तेव्हा चुलीवर भाकरी थापणाऱ्या मावशी. हंगामात पायलीभर ज्वारी डोक्यावर आणून देणाऱ्या माता. विहीर खोदताना रविवारची मजुरी सोडणारे पालक. पहिल्या हजेरीपटावरील मुले, त्यांतील मध्येच शाळा सोडून ऊसतोडीला गेलेलीसुद्धा. कारण तीही आपल्या आरंभाचा भाग आहेत. त्यांची छायाचित्रे बहुधा मिळणार नाहीत. मग त्या चुलीचा तवा ठेवा, पायली ठेवा, हजेरीपटाचे ते जीर्ण पान ठेवा. आणि नावापुढे व्यवसाय लिहा, कान्हेरीत लिहिला आहे तसा.

माजी विद्यार्थी बंधुभगिनींनो, हे काम तुमच्याविना होणार नाही. त्या मावशींपैकी, त्या मातांपैकी आज फार थोड्या जणी आपल्यात आहेत. तुमच्या घरातील वृद्धांना विचारा, नावे लिहून आणा, चूक-बरोबर तपासून शाळेकडे द्या. ऐकीव असेल तर ऐकीव म्हणून लिहा. या वर्षाची आपली धम्मयात्रा घराच्या ओसरीपर्यंत जावी. अशोकाने वृद्धांच्या भेटीला तिच्यात स्थान दिलेच आहे.

सोन्याच्या करंडकात मातीचे खापर ठेवणाऱ्यांचे आपण वारस आहोत असे म्हणत असू, तर आपल्या दालनाच्या मध्यभागी काय ठेवायचे, हे ठरविणे आता फारसे कठीण जाऊ नये.

भवतु सब्ब मंगलम्‌. जय भीम!